गंजाचा पत्ता

अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या सोमवारी आमच्या वर्कशॉपच्या दारात घाटाखालच्या गाड्या येतात. एमएच ०७ आणि एमएच ०८. पावसाळाभर पडवीत कव्हरखाली झाकून ठेवलेल्या आणि गणपतीत पाहुण्यांसमोर बाहेर काढल्यावर गंज लक्षात आलेल्या. मालक गाडी स्टँडवर लावतो, खिशातून फोन काढतो, फोटो दाखवतो. गाडी समोर उभी असते, पण तो आधी फोटोच दाखवतो, कारण ज्या दिवशी त्याला तो तांबडा डाग पहिल्यांदा दिसला तो दिवस त्या फोटोत असतो. मग म्हणतो, "साहेब, सात लाख मोजलेत. अजून वर्ष नाही झालं."

कोल्हापुरात महागड्या मोटरसायकलींच्या एका डीलरकडे मी चौदा वर्षं वॉरंटीचं टेबल सांभाळतो. त्याआधी तीन वर्षं तिथंच फिटर होतो. वॉरंटीचं काम लोकांना वाटतं त्याहून किचकट असतं. ग्राहकाची तक्रार जॉब कार्डवर उतरते. चेसिस नंबर, किलोमीटर, पार्टचा कोड आणि फोटो कंपनीच्या सिस्टीमवर चढतात आणि मंजूर की नामंजूर ते तिकडून ठरतं. मंजूर झालं तरी काढलेला जुना पार्ट टॅग लावून जपून ठेवावा लागतो. पुढे ऑडिट होतं. आम्ही पाठवलेला क्लेम चुकीचा होता असं ऑडिटरला वाटलं, तर दिलेले पैसे डीलरच्या खात्यातून परत वळते होतात. त्याला आम्ही डेबिट म्हणतो. गंजाच्या क्लेमवर डेबिट बसण्याची भीती सगळ्यात जास्त, कारण वॉरंटीच्या पुस्तकात एक वाक्य असतं: हवामान, समुद्राची हवा, मीठ यांमुळे झालेलं नुकसान यात धरलेलं नाही. म्हणून टेबलावरच्या माणसाला सोपं काय, तर क्लेम न पाठवताच "कोकणात हे असंच होतं" असं सांगून मोकळं होणं. मी ते केलेलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी देवगडची गाडी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आंब्याची बाग असलेले एक गृहस्थ, साठीच्या आसपासचे. तळेरे, वैभववाडी करत गगनबावड्याच्या घाटानं स्वतः गाडी चालवत आले होते. गाडी अकरा महिन्यांची. सायलेन्सरचा क्लॅम्प तांबडा, मागच्या चाकाच्या आऱ्यांच्या टोपणांवर तांबूस ठिपके, इंजिनाच्या कव्हरवर लॅकरखाली पांढरा लोणा. भिंतीला लोणा लागतो अगदी तसा, फुगीर, भुसभुशीत. क्रॅशगार्डच्या बोल्टांभोवतीही तेच. डिस्कचे बोल्ट, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, सीटखालची मागची फ्रेम, सगळं मिळून नऊ जागा. आमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरनं जॉब कार्डवर एकच ओळ लिहिली होती: 'गाडीला ठिकठिकाणी गंज.' मी ती तशीच वर पाठवली. दोन दिवसांत उत्तर आलं. एक शब्द, 'पर्यावरणीय'. क्लेम नामंजूर.

मी फोन करून सांगितलं तेव्हा ते भडकले. "पर्यावरण म्हणजे काय हो? गाडी विकताना माझ्या बिलावर देवगड लिहिलंत ना तुम्ही? अहो, मी हिका रोज धुतंय. पोरांनासुद्धा हात लावू देत नाही."

रोज धुतो, हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आमच्याकडे एक जुने हेडमिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी फिटर असताना गंजलेला पार्ट हातात घेऊन उभा राहिलो की ते म्हणायचे, "गंज हाय हे आंधळ्यालाबी दिसतंय. कुठनं सुरू झालाय ते सांग." गंजाला पत्ता असतो, असं त्यांचं म्हणणं. पहिला ठिपका ज्या जागी पडला, तिथं त्याचं कारण बसलेलं असतं. मधल्या वर्षांत टेबलावर बसून मी हे विसरलो होतो.

मी देवगडला परत फोन लावला आणि विचारलं, गाडी कुठल्या पाण्यानं धुता? बागेतल्या विहिरीच्या. विहीर खाडीपासून किती लांब? "हाकेच्या अंतरावर." पुढच्या खेपेला त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगितलं. त्यांना ते चमत्कारिक वाटलं असणार, पण एप्रिलात त्यांनी आंब्याच्या गाडीबरोबर खरोखरच बाटली पाठवली. मी थेंबभर जिभेवर ठेवलं. मचूळ. वॉटर प्युरिफायर बसवायला येणाऱ्या मुलाकडचं टीडीएसचं पेन त्यात बुडवलं, तर आकडा कोल्हापूरच्या नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट वर गेला.

गोष्ट अशी होती. पावसाळ्यात ती विहीर गोडी असायची. फेब्रुवारीनंतर उपसा वाढला, वरचं गोडं पाणी खाली गेलं, की खाडीचं पाणी झिरपायचं. त्यांनी गाडी ऑक्टोबरात घेतली. उन्हाळाभर ते रोज सकाळी तिच्यावर मीठ शिंपडत होते, अगदी प्रेमानं. पाणी उन्हात उडून जायचं. मीठ बोल्टाच्या डोक्याखाली, आऱ्यांच्या टोपणांत, लॅकरच्या चरांत बसून राहायचं. उघड्या भागावर मऊ कापड फिरत असे. फटीत कापड जात नाही.

आता मिठाची बरणी आठवा. मृगाचा पाऊस सुरू झाला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. त्यात कुणी पाणी घातलेलं नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओले होतात. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा याच्या वरच असते. म्हणजे गाडी पडवीत कोरडी उभी असली, तिच्यावर पावसाचा थेंब पडला नाही, तरी तिच्या प्रत्येक फटीत खारं पाणी तयार होत राहतं. वरून प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते वाळतही नाही. मीठ मे महिन्यात बसतं, गंज श्रावणात दिसतो, आणि मालकाला वाटतं पावसानं घात केला.

खारं पाणी आलं की दोन धातूंचा संसारही बिघडतो. त्यांनी क्रॅशगार्ड बाहेरून बसवून घेतला होता, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरून. लोक हौसेनं स्टेनलेस बोल्ट लावतात, कारण ते गंजत नाहीत. बोल्ट चकचकीत राहतो हे खरं. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, ही बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून बोल्ट कोरा करकरीत आणि त्याच्याभोवती पांढरी राख. आतले आटे धरून बसतात, बोल्ट सोडवायला गेलं की तुटतो. बसवताना आट्यांना आणि डोक्याखाली अँटी-सीझची पातळ पेस्ट लावली असती तर बरंचसं वाचलं असतं. दोन मिनिटांचं काम, पण बाहेर ते कुणी करत नाही.

नऊपैकी सहा जागांचा पत्ता असा विहिरीपाशी आणि एका जागेचा क्रॅशगार्डपाशी पोचला. पण दोन जागा काही केल्या जुळेनात. सीटखालच्या मागच्या फ्रेमला डावी-उजवीकडे जिथं वेल्डिंगचा जोड होता, नेमकं तिथंच रंगाला फोड आले होते. तिथं धुण्याचं पाणी फारसं पोचत नाही. शिवाय मीठ असं मोजून मापून दोन्ही बाजूंना सारख्याच जागी बसत नाही. मी नख लावलं तर रंग पापुद्र्यासारखा उचलला गेला आणि खाली वेल्डिंगची निळसर-काळी साल जशीच्या तशी. वेल्डिंगनंतर ती साल साफ करून मग रंग चढवायचा असतो. ती राहिली तर रंग लोखंडाला नाही, त्या सालीला चिकटतो. साल सुटली की रंगही सुटतो.

मी उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिथल्या प्लेटिंगच्या छोट्या शेडमध्ये गंजाबद्दल जे शिकायला मिळतं ते मला डिप्लोमात मिळालं नव्हतं. तिथं बोल्टांना जस्त चढवून घ्यायला गेलात तर मालक पहिला प्रश्न विचारतो, "किती तासांचं पाहिजे?" म्हणजे मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत किती तास टिकलं पाहिजे. पेटीत ५ टक्के मिठाचं पाणी ३५ अंशांवर सतत फवारतात आणि गंज कधी येतो ते बघतात. आधी पांढरा गंज येतो, म्हणजे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतंय. तांबडा आला म्हणजे जस्त संपलं. त्या पेटीत माल कायम ओला असतो, कोकणात तो कधी ओला होतो आणि कधी वाळतो, त्यामुळे पेटीतल्या तासांवरून देवगडातले महिने काढता येत नाहीत, हेही त्यानंच मला समजावलं.

त्याच्याकडून मायक्रॉन मीटर मागून आणलं. फ्रेमच्या सपाट भागावर रंगाची जाडी सत्तरच्या घरात आली, जोडापाशी पंचवीस-तीस. मग मी त्याच मॉडेलच्या, सर्व्हिसिंगला आलेल्या दुसऱ्या गाड्यांच्या सीटा काढून बघायला लागलो. तिसऱ्या गाडीत सापडलं. एमएच ०९, मालक कोल्हापूरचा, गाडी एकदाही घाट उतरलेली नाही. त्याच दोन जागी तेच दोन फोड, लहान, पण तेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास, मध्ये सगळा सह्याद्री. इथं समुद्राच्या हवेला दोष देता येत नाही.

मी जुना क्लेम बाजूला ठेवला आणि नऊ तक्रारींच्या नऊ नोंदी केल्या. सात जागांपुढे स्वतःच लिहिलं: वापरातलं कारण, क्लेम नाही. उरलेल्या दोन जागांचा वेगळा क्लेम केला. पापुद्रा उचललेल्या अवस्थेतला फोटो, दोन्ही आकडे, आणि एमएच ०९ च्या गाडीचा चेसिस नंबर. अकरा दिवसांनी मंजुरी आली. फ्रेमचा तो भाग दोन्ही गाड्यांना नवा मिळाला. देवगडच्या काकांना बाकीच्या सात जागांचा खर्च स्वतः करावा लागला. त्यांनी तो केला. विहिरीचं पाणी चाखून बघितलं होतं हे मी सांगितल्यावर त्यांनी त्याबद्दल पुन्हा वाद घातला नाही.

तो पहिला क्लेम कंपनीनं नाकारला यात तिची चूक अर्धीच होती. बाकी अर्धी माझी. 'ठिकठिकाणी गंज' ही तक्रार नव्हे. ती 'अंग दुखतंय' म्हणण्यासारखी आहे. तिच्यावर कुणीही एक शब्द फेकून मोकळं होऊ शकतं.

पण कंपनीच्या अर्ध्या चुकीबद्दलही बोललं पाहिजे. हवेच्या गंजकपणाचं मोजमाप जगात ठरलेलं आहे. सी-१ ते सी-५ आणि त्याच्याही वर सीएक्स अशा प्रती आहेत. सी-५ प्रतीच्या हवेत, म्हणजे भर समुद्राकाठी मिळते तसल्या हवेत, जस्त पहिल्या वर्षात ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. सी-३ मध्ये ०.७ ते २.१. आता बोल्टावर आठ मायक्रॉन जस्त असेल, तर आमच्या घाटावर ते चार-पाच वर्षं सहज जाईल आणि किनाऱ्यावर वर्षा-दोन वर्षांत संपेल. हे गणित कुणापासून लपलेलं नाही. तमिळनाडूत कराईकुडीला सरकारची विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे, तिनं देशाचा गंजाचा नकाशासुद्धा केलेला आहे. गाडी विकताना ग्राहकाच्या आधार कार्डावरचा पत्ता आपण बिलावर घेतो. मालवण, वेंगुर्ला, गुहागर असा पत्ता असलेल्या माणसाकडून तेवढीच किंमत घ्यायची, आणि समुद्र हा करारात नव्हताच असं दहा महिन्यांनी सांगायचं, हे मला पटत नाही. एक तर त्या गाडीला त्या हवेचं प्लेटिंग द्या, नाहीतर विकतानाच तोंडावर सांगा. मी आमच्या मीटिंगमध्ये हे दर वर्षी बोलतो.

ग्राहकाची बाजू प्रत्येक वेळी खरी असते असंही नाही. पुळणीवर ओल्या वाळूतून, लाटेच्या फेसातून गाडी पळवायची आणि चाकाचं बेअरिंग गेलं म्हणून क्लेम मागायचा, असे तरुण दर दिवाळीनंतर येतात. व्हिडिओ त्यांच्याच फोनमध्ये असतो. त्यांना मी नाही म्हणतो, आणि त्या 'नाही'बद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. एक्झॉस्टचा स्टीलचा पाइप सोनेरी-निळा झाला की लोक गंज समजून येतात. तो तापल्यामुळे आलेला रंग असतो, त्यानं काही बिघडत नाही.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका 'नाही'बद्दल. ती देवगडच्या आधीची गोष्ट आहे.

राजापूरकडचे एक शिक्षक. गाडी चौदा महिन्यांची, सायलेन्सर पोटाशी, खालच्या बाजूनं कुजून भोक पडलेला. त्यांची शाळा घरापासून तीन किलोमीटरवर, गाडी रोज तेवढीच चालायची. मला वाटलं, कारण मिळालं. एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. लांबच्या पल्ल्यात सायलेन्सर तापतो आणि ते उडून जातं. तीन किलोमीटरात तो तापतच नाही, पाणी आत साचतं, त्यात ज्वलनातून आलेलं आम्ल मिसळतं आणि आतून पत्रा खातं. हे सगळं मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं आणि वर म्हणालो, "सर, शिवाय कोकणची हवा." क्लेम पाठवलाच नाही. तोंडीच नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, नवा सायलेन्सर स्वतःच्या पैशानं बसवला, पावती घडी करून खिशात ठेवली आणि गेले. तीन महिन्यांच्या आत त्यांनी गाडी विकून टाकली.

पुढच्या वर्षी कंपनीचं पत्रक आलं. त्या काळात बनलेल्या काही सायलेन्सरमध्ये, साचलेलं पाणी खाली गळून जावं म्हणून ठेवलेलं बारीक भोक वेल्डिंगमध्ये बुजलेलं होतं. असे सायलेन्सर तपासून विनामूल्य बदलावेत. मी रजिस्टर काढलं. सरांच्या गाडीचा नंबर त्या यादीत होता.

मी सांगितलेलं विज्ञान बरोबर होतं. पाणी साचत होतं, त्यानंच पत्रा खाल्ला. पण ते का साचून राहिलं हे बघायला मी जमिनीवर गुडघा टेकून खाली डोकं घातलं नाही. टॉर्च हातात असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. पैसे परत मिळण्यासाठी प्रयत्न करतो म्हणालो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशांचं राहू द्या. तुम्ही त्या दिवशी खाली वाकून बघितलं असतंत तर बरं झालं असतं."

पैसे मिळाले नाहीत. क्लेमच केलेला नव्हता, त्यामुळे सिस्टीममध्ये त्यांच्या तक्रारीची नोंदच नव्हती. मी तोंडी 'नाही' म्हटल्यामुळे त्यांच्या हातात दाद मागायला कागदाचा कपटासुद्धा उरला नव्हता. त्यानंतर आमच्या टेबलावर मी एक नियम केला, तो आजही आहे. गंजाच्या प्रत्येक तक्रारीला पार्टागणिक वेगळी नोंद, आणि नाकारलं तर कारण लेखी, फोटोसकट. सुरुवातीला डीलरशिपच्या मालकांना हे आवडलं नाही. लेखी दिलं की ग्राहक ते घेऊन ग्राहक आयोगात जाईल, ही भीती. जाऊ दे की. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याला तक्रारीसाठी दोन वर्षं देतो, आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेतही पाठवू शकतो. आमचं कारण खरं असेल तर ते तिथंही टिकेल.

देवगडचे काका परवा सर्व्हिसिंगला येऊन गेले. आता गाडी धुवायला त्यांनी नळपाण्याची दोन पिंपं वेगळी ठेवली आहेत, आणि कव्हर प्लास्टिकचं टाकून सुती आणलं आहे. फ्रेमचे जोड मी सीट काढून बघितले. रंग धरून आहे.

तुम्ही समुद्राकाठी किंवा खाडीकाठी राहत असाल, तर दोन कामं करा. गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवशी सीट काढून आतल्या जोडांचे, बोल्टांचे फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर कुठला पार्ट, कुठल्या जागेपासून, हे लिहून द्या, आणि नकार मिळाला तर तो लेखीच घ्या. कुणी द्यायला तयार नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि आज संध्याकाळी, गाडी ज्या पाण्यानं धुता, त्याचा एक थेंब जिभेवर ठेवून बघा.